जानेवारीत उतरवून आणलेले प्रकल्प थांबवायचे असतील तर

बारावीच्या पर्यावरण प्रकल्पाचा गठ्ठा सोडला की पहिल्या पाच वह्यांतच कळतं. प्रस्तावना तीच, चित्रं तीच, ऋणनिर्देशातली शुद्धलेखनाची चूकही तीच. तालुक्याच्या झेरॉक्स सेंटरवर तयार प्रकल्प मिळतो, नाही तर व्हॉट्सॲपवर पीडीएफ फिरते. मुलं ती रात्री जागून उतरवतात, आपण लाल शाईनं सही करतो आणि सरसकट अठरा-एकोणीस गुण भरतो. बी.ए., बी.एस्सी.च्या होम असाइनमेंटचं याहून वेगळं काही नाही.

दरवर्षी स्टाफरूममध्ये यावर बोलणं होतं आणि दरवर्षी जुलैत पुन्हा तेच घडतं: फळ्यावर वीस विषयांची यादी, खाली जानेवारीची तारीख. मूल जुलैत आळशी नसतं आणि जानेवारीत चोर होत नाही. मधले सहा महिने त्याला कुणी काहीच विचारत नाही. मग शेवटच्या तीन रात्री येतात आणि त्या तीन रात्रींत उतरवण्याशिवाय दुसरं काही शक्यच नसतं. म्हणून कॉपी पकडण्याची मेहनत कमी करा आणि त्या तीन रात्री येऊच नयेत याची मेहनत वाढवा. पुढची पद्धत त्यासाठी आहे. ती विदर्भातल्या खेड्यापाड्यांतल्या कनिष्ठ आणि वरिष्ठ महाविद्यालयांतल्या शिक्षकांसाठी लिहिली आहे. वर्गात साठ-ऐंशी मुलं, शिक्षक एकच आणि अर्धी मुलं एसटीच्या वेळेला बांधलेली, हे धरूनच ती बसवली आहे.

१. आधी गावाचं कॅलेंडर मांडा

विषय ठरवण्याआधी एक कोरा कागद घ्या आणि त्यावर मंडळाच्या किंवा विद्यापीठाच्या तारखांसोबत शेतीच्या तारखा लिहा. वेळापत्रक कोलमडतं ते इथेच.

यवतमाळ, वर्धा, अमरावती, अकोला, वाशीम, बुलढाण्याकडे सप्टेंबरच्या शेवटापासून सोयाबीनची सोंगणी लागते. तिच्या पाठोपाठ कापूस वेचणी, ती जानेवारीपर्यंत चालते. त्यातच तूर येते. वेचणीला मजूर मिळत नाहीत, म्हणून अकरावी-बारावीची मुलं-मुली घरच्या वावरात असतात, काही जण दुसऱ्याच्या वावरात रोजानं जातात. भंडारा, गोंदिया, गडचिरोली आणि चंद्रपूरच्या धानपट्ट्यात जुलै-ऑगस्टमध्ये रोवणी आणि दिवाळीच्या आगेमागे कापणी-मळणी. तिकडे दिवाळीनंतर मंडई, म्हणजे गावोगावच्या जत्रा, आणि रात्रीची नाटकं सुरू होतात, तेव्हा सकाळच्या तासाला निम्मा वर्ग झोपेत असतो. मेळघाटात काही घरं दिवाळीनंतर कामासाठी बाहेर पडतात आणि मुलंही सोबत जातात.

आता दुसरी बाजू. विदर्भात उन्हामुळे शाळा जूनच्या अखेरीस उघडतात. २०२५ मध्ये बारावीची लेखी परीक्षा ११ फेब्रुवारीला सुरू झाली. त्याआधी प्रात्यक्षिकं आणि तोंडी परीक्षा असतात. म्हणजे अंतर्गत गुणांचं काम जानेवारीच्या मध्यापर्यंत संपायला हवं.

दोन्ही याद्या शेजारी ठेवल्या की मोकळी खिडकी दिसते. कापूस-सोयाबीनच्या भागात ती जुलैच्या दुसऱ्या आठवड्यापासून सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत आहे, धानाच्या भागात रोवणी आटोपल्यावर ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यापर्यंत. प्रकल्पाचं खरं काम, म्हणजे पाहणी आणि पहिला मसुदा, या खिडकीतच संपवायचं. ऑक्टोबर-नोव्हेंबर रिकामा सोडा. डिसेंबरात फक्त पक्की प्रत आणि तोंडी घ्या.

पदवीच्या सत्र पद्धतीत एवढा वेळ नसतो. प्रवेश लांबतात, तासिका तत्त्वावरच्या प्राध्यापकांच्या नेमणुका त्याहून लांबतात. तिथे हेच टप्पे आठ आठवड्यांत बसवा, पण एकही टप्पा गाळू नका. वेळ कमी असेल तर प्रश्न छोटा करा.

तपासा: तुमची एखादी तारीख पोळा, महालक्ष्म्या किंवा तालुक्याच्या बाजाराच्या दिवशी तर येत नाही ना? येत असेल तर आत्ताच बदला. एकदा जाहीर केलेली तारीख हलवली की पुढच्या सगळ्या तारखा मुलं हलणाऱ्याच समजतात.

२. विषय देऊ नका, प्रश्न द्या

सगळ्यात जास्त चुका इथे होतात, म्हणून इथे थोडं थांबतो.

"जलप्रदूषण", "सेंद्रिय शेती", "वृक्षतोड: कारणे व उपाय" हे विषय दिले की उत्तर आधीच बाजारात तयार असतं. मूल ते आणणारच. ज्या प्रश्नाचं उत्तर जगात कुठेही लिहिलेलं नाही आणि जे फक्त त्या मुलाच्या गावात पायी जाऊन मिळतं, तो प्रश्न उतरवता येत नाही. प्रश्नाची कसोटी एकच ठेवा: उत्तरात मुलाच्या गावातला, त्यानं स्वतः मोजलेला किंवा विचारून आणलेला किमान एक आकडा यायलाच हवा.

काही नमुने देतो. यांत तुमच्या भागाप्रमाणे भर घाला.

पूर्णा खोऱ्यातल्या खारपाणपट्ट्यात, अकोला-अमरावती-बुलढाण्याच्या गावांत: तुझ्या गल्लीतल्या दहा घरांत पिण्याचं पाणी कुठून येतं, आणि विहिरीचं किंवा बोअरचं खारं पाणी कशाकशाला वापरतात?

भंडारा-गोंदिया-चंद्रपूर-गडचिरोलीत: गावच्या मामा (माजी मालगुजारी) तलावाचं पाणी आज किती जणांच्या बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात, जातं? कालवा कुठे बुजला आहे? गावातल्या म्हाताऱ्या माणसांच्या आठवणीत ते कुठपर्यंत जायचं?

कपाशीच्या पट्ट्यात: तुझ्या ओळखीच्या पाच शेतांत फवारणी करताना माणूस अंगावर काय घालतो, डब्यावरची सूचना वाचतो का, रिकामे डबे कुठे टाकतो? २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं शेतकरी-शेतमजुरांचे जीव गेले, त्यामुळे हा प्रश्न तिथल्या मुलांना समजावून सांगावा लागत नाही.

ज्या मुलींना घराबाहेर फिरायला परवानगी किंवा वेळ नाही, त्यांच्यासाठी घरातलाच प्रश्न: सिलिंडर किती दिवस पुरतो, चुलीवर अजून काय काय शिजतं, सरपण कोण आणतं आणि आठवड्यात किती वेळा? उज्ज्वला योजना २०१६ मध्ये सुरू झाली. तिच्या आधी आणि नंतर घरात काय बदललं, हे आई-आजी सांगू शकतात. आश्रमशाळेच्या वसतिगृहातल्या मुलांसाठी: मेसमध्ये दिवसाला किती पाणी लागतं, किती वाया जातं?

इतर विषयांतही हेच करता येतं. इतिहासाच्या मुलाला "१९४२ चे आंदोलन" देण्यापेक्षा चिमूर परिसरातल्या मुलाला तिथल्या हुतात्मा स्मारकाविषयी गावातल्या तीन वयोगटांतल्या माणसांना काय माहीत आहे, ते विचारायला लावा. अर्थशास्त्राच्या मुलाला आठवडी बाजारात एकाच भाजीचा भाव सकाळी, दुपारी आणि उठावाच्या वेळी लिहून आणू द्या.

नेहमीची चूक: एकच प्रश्न सगळ्या वर्गाला देणं. प्रश्नाचा साचा एक असला तरी चालेल, पण गाव, विहीर, गल्ली वेगळी हवी. एका गावची पाच मुलं असतील तर पाच विहिरी वाटून द्या आणि एक सहावी विहीर सगळ्यांना सामाईक ठेवा. ती पुढे पडताळणीला लागेल.

दुसरी चूक: प्रश्न फार मोठा देणं. "आमच्या तालुक्यातील पाणीटंचाई" हे बारावीच्या मुलाला झेपत नाही. झेपत नाही म्हणून ते पुढे ढकलतं, आणि ढकललेलं शेवटी उतरवतं. पिअर्स स्टील यांनी २००७ मध्ये चालढकलीवरच्या अभ्यासांचा मोठा आढावा घेतला होता. त्यात काम नकोसं वाटणं, त्याचं फळ फार दूर असणं आणि "हे मला जमणार नाही" ही भावना, या गोष्टींचा चालढकलीशी ठळक संबंध दिसतो. प्रश्न छोटा आणि जवळचा केला की या तिन्हींवर एकदम उपाय होतो.

३. पहिलं पान वर्गातच लिहून घ्या

प्रश्न दिला आणि "घरून सुरुवात करून आणा" म्हटलं, की खेळ तिथेच संपतो. पहिलं पान घरी लिहिलं जात नाही. घरी जनावरं असतात, पाणी भरायचं असतं, लाइन गेलेली असते, आणि सुरुवात करणं हेच सगळ्यात जड असतं.

त्यासाठी एक पूर्ण तासिका द्या. वहीच्या पहिल्या पानावर मुलांनी पाच गोष्टी लिहायच्या: माझा प्रश्न, मला काय उत्तर मिळेल असं आत्ता वाटतं, मी कुणाला विचारणार (नातं किंवा कामासकट), मी कोणत्या वारी, किती वाजता, कुठे जाणार, आणि मला कशाची अडचण येईल असं वाटतं.

चौथा मुद्दा नुसता "रविवारी" असा घेऊ नका. "रविवारी सकाळी गुरं सोडल्यावर शाळेमागच्या विहिरीवर" इतका नेमका लिहून घ्या. "करीन" म्हणणाऱ्यापेक्षा "अमुक वेळी अमुक ठिकाणी करीन" असं ठरवणारा माणूस ते काम जास्त वेळा पार पाडतो. मानसशास्त्रज्ञ पीटर गोलविट्झर यांनी यावर बरंच काम केलं आहे, आणि वर्गातही हा फरक दिसतो.

पाचवा मुद्दा नक्की वाचा. "सर, बाबा म्हणतात कोणाच्या वावरात जाऊ नको" किंवा "मॅडम, मानव विकासची बस सुटली तर घरी जायला गाडी नाही" असं त्यात लिहिलेलं सापडतं (मानव विकासची बस म्हणजे खेड्यातल्या मुलींसाठीची मोफत एसटी). अशा मुलाचा प्रश्न त्याच दिवशी बदलून द्या.

तास संपताना सगळ्या वह्या गोळा करा, प्रत्येक पहिल्या पानावर तारखेसह सही करा आणि दुसऱ्या दिवशी परत द्या.

इशारा: हे पान सुटं घेऊ नका. सुटी पानं बदलता येतात. शंभर पानी शिवलेली वही घ्यायला सांगा आणि पानांवर क्रमांक टाकून घ्या.

४. एक तारीख मोडून पाच करा

२००२ मध्ये डॅन एरिअली आणि क्लाउस वेर्टेनब्रोख यांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. लोकांना तीन मजकूर देऊन त्यांतल्या चुका शोधायला सांगितल्या होत्या. ज्यांना ठरावीक अंतरानं तारखा दिल्या, त्यांनी सर्वाधिक चुका शोधल्या. ज्यांना सगळं शेवटी एकदम द्यायची मुभा होती, त्यांनी सर्वांत कमी. स्वतःच्या तारखा स्वतः ठरवणारे मध्ये राहिले. "मुलं मोठी झाली, त्यांचं ते बघतील" ही भूमिका मला म्हणूनच पटत नाही. मोठ्यांनाही तारखा लागतात.

गुण तारखांना बांधा. २० गुणांचा प्रकल्प असेल तर अशी वाटणी करून पाहा: पहिलं पान २, कच्ची नोंदवही ६, वर्गात लिहिलेला मसुदा ४, पक्की प्रत ३, तोंडी ५. मंडळानं किंवा विद्यापीठानं त्या विषयासाठी गुणांचे रकाने ठरवून दिले असतील तर ते तसेच पाळा आणि आपली वाटणी त्या रकान्यांच्या आत बसवा. पक्क्या प्रतीला फक्त ३ गुण हे मुद्दाम आहे. उतरवून आणता येतं ते तेवढंच, आणि आजवर आपण जवळपास सगळे गुण त्यालाच देत आलो.

वाटणी आणि तारखा एका कागदावर लिहून नोटीस बोर्डावर लावा, वहीच्या आतल्या मुखपृष्ठावरही चिकटवून घ्या.

उशिराचा नियम पहिल्याच दिवशी सांगा. प्रत्येक टप्प्याला एक आठवडा सवलत, कारण न विचारता. त्यानंतर त्या टप्प्याचे गुण गेले, पण पुढचे टप्पे खुले. "पहिला टप्पा चुकला, आता सगळंच गेलं" असं वाटलेलं मूल थेट झेरॉक्सच्या दुकानात जातं. उशीर झालेल्या मुलाला वर्गासमोर उभं करून बोलणंही टाळा. कार्लटन विद्यापीठात २०१० मध्ये पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांवर झालेल्या अभ्यासात असं दिसलं, की पहिल्या परीक्षेच्या वेळी केलेल्या चालढकलीबद्दल ज्यांनी स्वतःला माफ केलं, त्यांनी पुढच्या परीक्षेच्या वेळी कमी चालढकल केली. लाज वाटली की मूल काम सुरू करत नाही, तोंड चुकवतं.

५. कच्ची नोंदवही: हीच खरी वही

आपल्याकडे कच्ची वही फेकून देतात आणि रंगीत कव्हरची पक्की वही जपतात. इथे उलट करायचं. गुण कच्च्या वहीला द्या आणि ती कच्चीच राहू द्या. खाडाखोड, चिखलाचे डाग, पेन संपल्यावर पेन्सिलीनं लिहिलेलं, सगळं चालेल.

एका नोंदीत तारीख, वेळ, जागा, काय मोजलं किंवा काय ऐकलं आणि एक ओळ स्वतःची, एवढं हवं. विहिरीची नोंद अशी दिसते:

"१२ ऑगस्ट, सकाळी ७. शाळेमागची विहीर. कठडा अडीच फूट. दोरीला दगड बांधून सोडला, कठड्यापासून पाण्यापर्यंत २१ फूट. म्हणजे जमिनीपासून साडेअठरा. शेजारची काकू म्हणे काल रातभर मोटर चालली. उद्या पुन्हा मोजतो."

या पाच ओळी कुठल्याच पीडीएफमध्ये सापडणार नाहीत. कठड्याची उंची वजा करायची असते हे त्या मुलाला विहिरीवर उभं राहूनच सुचलं. वर्गात सांगून ते इतकं पक्कं बसत नाही. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणासुद्धा ठरवलेल्या निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातल्या ठरावीक महिन्यांत मोजते. आपलं मूल तेच काम लहान प्रमाणावर करतं आहे, हे त्याला सांगा. त्याचा चेहरा बदलतो.

इशारा: विहिरीवर एकट्यानं जायचं नाही, कठडा नसलेल्या विहिरीवर तर मुळीच नाही. फवारणी चालू असलेल्या वावरात पाऊल टाकायचं नाही, माहिती घरी येऊन विचारायची. हे वहीवर लिहून पालकांची सही घ्या.

किमान आठ नोंदी ठरवा: चार ऑगस्टच्या पहिल्या पंधरवड्यात, चार सप्टेंबरच्या मध्यापर्यंत. धानपट्ट्यात पहिल्या चार रोवणीनंतर घ्या. दोन्ही वेळा वह्या पाहायच्या, पण वाचत बसायचं नाही. ऐंशी वह्यांना तेवढा वेळ नसतो. फक्त शेवटच्या नोंदीखाली तारखेसह सही करा आणि एक प्रश्न लिहा: "२१ फूट कठड्यापासून की जमिनीपासून?", "काकूंचं वावर विहिरीला लागून आहे का?" त्या प्रश्नाचं उत्तर पुढच्या नोंदीत यायला हवं.

तपासा, एका रात्रीत रचलेली नोंदवही कशी ओळखायची:
सगळ्या नोंदी एकाच पेनानं, एकाच दाबानं लिहिलेल्या असतात. आकडे फार गोल असतात, दर वेळी बरोबर अर्धा फूट फरक. ज्या दिवशी गावात धो धो पाऊस होता त्या दिवशीची नोंद कोरड्या रस्त्यानं सुरू होते. आणि सामाईक विहिरीचा आकडा त्याच गावच्या बाकी चौघांशी जुळत नाही. थोडा फरक चालतो, दोरी ताणली जाते. चार-पाच फुटांचा फरक असला तर बोलावून विचारा. आधी मात्र मोजण्याची पद्धत विचारा, कारण बरेचदा मुलानं प्रामाणिकपणे चुकीचं मोजलेलं असतं.

६. मसुदा वर्गात, आपल्या बोलीत

सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात दोन सलग तासिका घ्या. धानपट्ट्यात हे ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात जाईल. बाकावर फक्त कच्ची वही आणि कोरे कागद. मोबाइल टेबलावर. या दोन तासांत मुलानं दीड-दोन पानांत उत्तर लिहायचं: काय विचारलं, काय सापडलं, काय वेगळं निघालं.

इथे भाषेचा प्रश्न आडवा येतो. फार मुलं उतरवतात ती "पुस्तकासारखं" लिहिता येत नाही या भीतीनं. माहिती असते, सांगताही येते, पण "सदर प्रकल्पाद्वारे असे निदर्शनास येते की" हे वाक्य जमत नाही. म्हणून पहिला मसुदा वऱ्हाडीत, झाडीबोलीत, जसं तोंडी सांगेल तसं लिहू द्या. "आमच्या इथं तीन बोअर हायेत, दोन आटल्या, तिसऱ्यावर सकाळी रांग लागते" या वाक्यात माहिती पूर्ण आहे. ज्यांच्या घरी गोंडी किंवा कोरकू बोलतात, त्यांना नेमके शब्द त्यांच्या भाषेतले ठेवू द्या आणि बाजूला मराठी अर्थ लिहू द्या. प्रमाण मराठी पक्क्या प्रतीच्या वेळी बघता येईल. शुद्धलेखनाचे गुण या टप्प्यावर कापू नका. कापले, तर पुढच्या वर्षी तुम्हाला पुन्हा "सदर प्रकल्पाद्वारे" वाचावं लागेल.

मसुदे गोळा करून ठेवा, घरी देऊ नका. पक्की प्रत लिहायच्या आठवड्यात परत द्या, आणि पक्क्या प्रतीसोबत मसुदाही जोडून घ्या.

७. मोबाइल आणि चॅटजीपीटीचे नियम

बंदी घालून उपयोग नाही, ती पाळली जात नाही आणि पाळली का ते तपासता येत नाही. नियम थोडे आणि स्पष्ट ठेवा. शब्दाचा अर्थ, सरकारी योजनेची माहिती, जिल्ह्याचं पर्जन्यमान शोधायला मोबाइल चालेल. नोंदी, आकडे, लोकांचं म्हणणं आणि निष्कर्ष फक्त वहीतून. मोबाइलवरून घेतलेली प्रत्येक ओळ चौकटीत लिहायची आणि खाली कुठून घेतली ते सांगायचं. चौकटीतल्या मजकुराचे गुण कापायचे नाहीत, चौकटीबाहेर सापडलेल्या उसन्या मजकुराचे कापायचे.

"हे यंत्रानं लिहिलं का" ते ओळखून देणाऱ्या साधनांच्या भरवशावर कुणालाही दोषी धरू नका. चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआय कंपनीनंच आपलं असं साधन अचूकता कमी असल्यामुळे जुलै २०२३ मध्ये मागे घेतलं. तुमच्या हातात त्याहून पक्का पुरावा आहे, तो म्हणजे सह्या असलेली कच्ची वही.

पदव्युत्तर प्रकल्प किंवा लघुप्रबंध असेल तर विद्यापीठ अनुदान आयोगाचे २०१८ चे वाङ्मयचौर्यविषयक नियम मुलांना सुरुवातीलाच वाचून दाखवा. त्यांत १० टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही, पुढे ४० आणि ६० टक्क्यांवर पायऱ्या चढत जातात. शेवटच्या महिन्यात हे कळलेल्या मुलाची फार ओढाताण होते.

८. तोंडी: तीन मिनिटं पुरतात

साठ मुलं, प्रत्येकी तीन मिनिटं म्हणजे १८० मिनिटं, पंचेचाळीस मिनिटांच्या चार तासिका. एवढं जमतं. डिसेंबरात, वेचणीच्या दिवसांत, एसटीच्या वेळा बघून लांबच्या गावची मुलं आधी घ्या. बाकीच्यांना त्या वेळात पक्की प्रत लिहायला बसवा.

व्याख्या विचारू नका. "पर्यावरण म्हणजे काय?" हे पाठ करून येतं. वही उघडा, एका नोंदीवर बोट ठेवा आणि विचारा: ही नोंद घेतली तेव्हा सोबत कोण होतं? हा आकडा कमी का झाला असेल? ज्यांना विचारलं त्यांतल्या कुणी सांगायला नकार दिला का? तुझ्या पहिल्या पानावर जे वाटलं होतं त्यातलं काय खोटं ठरलं?

शेवटचा प्रश्न सगळ्यांना विचारा. स्वतः काम केलेलं मूल इथे खुलतं. लाजाळू मुलगीही "सर, मला वाटलं होतं आजीला सिलिंडर आवडत असंल, पण ती भाकर चुलीवरच करते" असं सांगते आणि का ते सांगायला लागते. उतरवलेलं मूल इथे गप्प होतं.

इशारा: घाबरून गप्प झालेलं आणि माहीत नसल्यामुळे गप्प झालेलं मूल वेगळं ओळखा. गप्प झाल्यास वही त्याच्या हातात द्या आणि "यातली कोणतीही एक नोंद तू सांग" म्हणा. घाबरलेलं मूल स्वतःची नोंद लगेच शोधतं.

९. उतरवलेलं सापडलं तर

एवढं करूनही दोन-चार सापडतील. त्या वेळी क्रम महत्त्वाचा आहे.

प्रथम एकट्याला बोलवा. वर्गाच्या ग्रुपवर फोटो टाकणं, वही वर्गासमोर फाडणं हे कधीच नाही. मग कच्ची वही समोर ठेवून तीन नोंदींवर प्रश्न विचारा आणि उत्तरं लिहून ठेवा. त्यानं कबूल केलं किंवा उत्तरं आली नाहीत, तर दुसरा छोटा प्रश्न द्या: दहा दिवस, चार नोंदी, वर्गात बसून एक पान. त्यावर जास्तीत जास्त निम्मे गुण. हे विभागप्रमुखांना किंवा प्राचार्यांना लेखी कळवा.

आणि नियम सगळ्यांना एकच. संस्थेतल्या कुणाचा भाचा असेल, गावच्या पुढाऱ्याची मुलगी असेल, तिलाही तोच दुसरा प्रश्न आणि तेच निम्मे गुण. मुलं सगळ्यात बारकाईनं पाहतात ते हेच. अमेरिकेतल्या महाविद्यालयांवर डोनाल्ड मॅकेब आणि लिंडा ट्रेविनो यांनी १९९३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, मूल कॉपी करतं की नाही याच्याशी सर्वांत घट्ट संबंध "बाकीचे करतात का" या समजुतीचा दिसला. एका मुलाला वशिल्यानं सोडलं तर ती समजूत तुम्ही स्वतःच पक्की करता.

सरसकट १९ गुण देण्याबद्दलही इथेच बोलायला हवं. निकाल चांगला दिसावा म्हणून सगळ्यांना सारखे गुण दिले, तर वरचे आठही टप्पे वाया जातात, कारण काम केलेल्या आणि न केलेल्या मुलात कागदावर फरकच उरत नाही. प्राचार्यांशी हे जुलैतच बोलून घ्या. टप्प्यांची वाटणी त्यांच्या सहीनं लावली असेल, तर जानेवारीत दबाव आला तरी दाखवायला कागद असतो.

१०. लेखी परीक्षेच्या चिठ्ठ्यांसाठी एक छोटा उपाय

लेखी परीक्षेतली कॉपी हा वेगळा आणि मोठा विषय आहे. त्यासाठी १९८२ चा राज्याचा गैरप्रकार प्रतिबंधक कायदा आहे, भरारी पथकं आहेत. वर्गात आपल्याला करता येण्यासारखं एकच सांगतो.

घटक चाचणीला प्रत्येकाला एक पान न्यायची परवानगी द्या. अट अशी की ते स्वतःच्या हातानं लिहिलेलं हवं, झेरॉक्स नाही, बारीक अक्षरांची मायक्रो झेरॉक्स तर नाहीच, आणि पेपरसोबत जमा करायचं. एका पानात अख्खा धडा मावत नाही, म्हणून काय ठेवायचं आणि काय गाळायचं ते ठरवावं लागतं. ते ठरवता ठरवता धडा वाचून होतो. दुसऱ्या चाचणीला अर्धं पान, सराव परीक्षेला काहीच नाही. प्रश्न मात्र त्या पानातून जसंच्या तसं उत्तर मिळणार नाही असे काढा, नाही तर तुम्ही चिठ्ठीचीच सवय लावाल.

११. गुण भरल्यानंतर

दोन कामं राहतात. पक्क्या प्रतींच्या प्रत्येक पानावर वर्षाचा शिक्का मारा किंवा कोपऱ्याला छिद्र पाडा. न मारलेल्या वह्या पुढच्या जुलैत धाकट्या भावाच्या, नाही तर झेरॉक्स सेंटरच्या हाती लागतात. मुलाला वही परत हवी असेल तर शिक्का मारूनच द्या.

आणि कच्च्या वह्यांमधून गाव, विहीर, तारीख, पातळी एवढेच चार रकाने एका मोठ्या तक्त्यावर उतरवून घ्या. हे काम दोन मुलं एका दुपारी करतात. तक्ता ग्रंथालयात कुलपात ठेवा. पुढच्या बॅचला विहिरींची नावं द्या, जुने आकडे देऊ नका. ते डिसेंबरच्या तोंडीनंतरच दाखवायचे, म्हणजे कुणी मागच्या वर्षीच्या आकड्यांत थोडा फरक करून नवी वही रचू शकणार नाही.